लांबचा नंबर, जवळचा नंबर

आमचे हे आणि त्यांचे थोरले भाऊ एकमेकांना आतून सामील आहेत असा आरोप झाला, त्या दिवशी मी आणि माझी जाऊ दुकानासमोरच्या फुटपाथवर उभ्या राहून पोट दुखेपर्यंत हसलो. आरोप करणाऱ्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना. या दोघांनी गेली कित्येक वर्षं एकमेकांशी अवाक्षर काढलेलं नव्हतं. सामील व्हायचं तर निदान तोंड तरी उघडावं लागतं.

दुकान चष्म्यांचं. सासऱ्यांनी एकच काढलं होतं, मुलांनी मधोमध प्लायवूडची फळी ठोकून त्याची दोन केली. फळीच्या पलीकडे भावजी डोळे तपासून नंबर काढतात, अलीकडे हे काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. म्हणजे एकाचं दुसऱ्यावाचून पान हलत नाही, तरी मध्ये फळी. गिऱ्हाईक भावजींच्या खुर्चीत बसून भिंतीवरची अक्षरं वाचतं, मग उठून रस्त्यावर येतं आणि शेजारच्या दारातून आमच्याकडे शिरतं. नवीन माणूस बावरतो. "ही दोन दुकानं आहेत का हो?" असं विचारतो. जाऊबाई त्याला शांतपणे सांगतात, "दुकान एकच आहे. डोकी दोन आहेत."

भांडणाचं कारण सांगते. एका गिऱ्हाइकाला ह्यांनी ओरखडे न पडणारी काच म्हणून चष्मा दिला आणि महिन्याच्या आत त्या काचेवर ओरखड्यांची जाळी झाली. भावजी म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. इतका, की समोर खांब आला तर खांबानंच बाजूला व्हावं अशी अपेक्षा ठेवणारा. त्यांनी मागचापुढचा विचार न करता त्या गिऱ्हाइकासमोर आणि माझ्यासमोर ह्यांना "लबाड" म्हटलं. हे काही सांगायला गेले तर पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी हे सुतार घेऊन आले.

बोलणं बंद झालं तरी धंदा चालायला हवा, म्हणून फळीवर टकटक सुरू झाली. भावजींनी एकदा ठोकलं की येणारं काम घाईचं. दोनदा ठोकलं की गिऱ्हाईक कटकटं आहे, सांभाळून घ्या. हे बोलणं नव्हे, हे काम, असं दोघांचंही म्हणणं. आम्ही जावांनी त्यांना त्यांच्या म्हणण्यावर सोडलं आणि फळीच्या वरच्या कडेवर इंटरनेटचा एकच डबा बसवून घेतला. दोन दुकानांना दोन जोडण्या कशाला? इतका शहाणपणा घरात कुणाकडे तरी हवा होता.

त्याच डब्यावरून पुढचं सगळं झालं.

दुपारी दुकानात चिटपाखरू नसतं. त्या वेळात भावजींना फोनवरच्या पोकरचा नाद लागला. रोज दुपारी एक छोटी स्पर्धा असते. सगळ्यांना सारख्याच चिप्स मिळतात, हातात दोन पत्ते, मध्ये पाच उघडे. पत्ते चांगले असतील तर चिप्स लावायच्या, नसतील तर पत्ते टाकून द्यायचे, आणि चिप्स संपल्या की बाहेर. शेवटी उरेल तो जिंकला. प्रवेश फी आणि बक्षीस दोन्ही इतकं किरकोळ, की त्यात कुणी श्रीमंत होत नाही आणि कुणाचं घर बसत नाही. रोज येणारी मंडळीही तीच ती. एक दातांचा डॉक्टर, एक निवृत्त मुख्याध्यापिका, कुठल्याशा गोदामाचा पहारेकरी, आणखी असेच पंधरा-वीस. भावजींनी तिथे नाव घेतलं 'लांबचा नंबर'.

हळूहळू त्या मंडळीत भावजींचा शब्द चालायला लागला. टेबलाशेजारी गप्पांची एक खिडकी असते, तिथे कुणाचं कुणाशी वाजलं की सगळे म्हणायचे, लांबचा नंबर काय म्हणतात ते बघू. भावजी दोन ओळी लिहायचे आणि वाद मिटायचा. शेवटी त्यांनी भावजींना रीतसर पंच केलं. नावापुढे छोटा तराजू आला. घरात ज्यांनी सख्ख्या भावाचं ऐकून घेतलं नाही, ते परक्या माणसांचं दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यायला लागले. जाऊबाई म्हणायच्या, "तराजू आल्यापासून जेवतानाही ताठ बसतात."

हे सगळं ह्यांना माझ्याकडूनच कळलं. माझ्या पोटात काही राहत नाही. ऐकल्यावर हे फक्त "हं" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्या स्पर्धेत एक नवीन खेळाडू दाखल झाला. नाव 'जवळचा नंबर'.

ह्यांना पोकरमध्ये ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं, की दादानं चिप्स लावल्या की आपण सगळ्याच्या सगळ्या पुढे ढकलायच्या. हातात सत्ती आणि दुर्री का असेना. दादा बाहेर गेला पाहिजे, बाकी जग राहिलं तरी चालेल. आता भावजी पडले जपून खेळणारे. चांगले पत्ते असल्याशिवाय चिपेला हात लावणार नाहीत. त्यामुळे व्हायचं काय, की दोघं एका टेबलावर आले की थोड्याच वेळात ह्यांच्या सगळ्या चिप्स भावजींच्या पुढ्यात. हे टेबलावर हात आपटायचे. फळीपलीकडे भावजी खाकरायचे. त्या खाकरण्यात इतकं समाधान असायचं, की ह्यांचं रक्त नुसतं उसळायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

कुणालाही हे वैर दिसलं असतं. पण खेळ चालवणाऱ्या कंपनीला भाऊ दिसत नव्हते, नुसते आकडे दिसत होते. आणि आकड्यांत दिसत होतं, की एकाच इंटरनेटवरून खेळणारे दोन नेहमीचे खेळाडू आहेत. एकाचं नाव लांबचा नंबर, दुसऱ्याचं जवळचा. आणि जवळचा नंबर रोज भिकार पत्त्यांवर आपल्या सगळ्या चिप्स लांबच्याच्या पदरात टाकून निघून जातो. बाकीच्यांशी तो असं कधीच वागत नाही.

पहिली तक्रार दातांच्या डॉक्टरनं केली. मग मुख्याध्यापिकेनं गप्पांच्या खिडकीत लिहिलं, "पंचांकडून ही अपेक्षा नव्हती." त्याच संध्याकाळी दोघांची खाती गोठली आणि कंपनीचं पत्र आलं. आपण संगनमतानं खेळत असल्याचा संशय आहे. चौकशीत तसं ठरल्यास खातं कायमचं बंद होईल आणि नाव लबाडी करणाऱ्यांच्या यादीत सर्वांना दिसेल असं लावलं जाईल.

आम्ही हसलो ते तेव्हा. भावजी हसले नाहीत. जाऊबाई म्हणाल्या, "जेवले नाहीत गं. नुसते फोनकडे बघत बसलेत. तराजू गेलाय ना." तेव्हा माझंही हसू गेलं. भावजींना फीचं काही नव्हतं, बक्षिसाचं तर त्याहून नव्हतं. त्या मंडळीत आपण सरळ माणूस आहोत, एवढीच त्यांची कमाई होती. आता तीच मंडळी त्यांना लबाड म्हणत होती.

ह्यांना मी विचारलं, "आता तरी बरं वाटतंय ना? दादा बाहेर गेला."

"मी बाहेर काढायला हवा होता," हे म्हणाले. "कंपनीनं नव्हे."

दोघांनी आपापलं उत्तर धाडलं. भावजींनी लिहिलं, सदर इसमाशी माझे बोलण्याचेही संबंध नाहीत. ह्यांनी लिहिलं, त्याच्याशी सामील होण्यापेक्षा मी पोकर सोडीन. कंपनीनं दोन्ही उत्तरं वाचून कळवलं, की दोन्ही खुलासे एकमेकांशी फारच जुळतात, सबब समक्ष बोलावं लागेल.

ठरल्या दुपारी दोघं आपापल्या बाजूला फोन उभे करून बसले. पडद्यावर चौकशी करणारी मुलगी आली. फार शांत, केस घट्ट बांधलेले, मागे पांढरी भिंत. ती "नमस्कार सर" म्हणाली मात्र, दोन्ही फोन असे किंचाळले की मी कानांवर हात ठेवले. मध्ये एवढीशी फळी. इकडचा आवाज तिकडच्या फोनमध्ये, तिकडचा इकडच्या. दोनदा प्रयत्न झाला, दोनदा तीच किंकाळी.

"सर, तुम्ही दोघं एकाच जागी बसाल का?" ती म्हणाली. "असं तर काहीच ऐकू येणार नाही."

फळीच्या दोन्ही बाजूंना कुणी जागचं उठेना. मग जाऊबाई मोठ्यानं म्हणाल्या, "इकडे या भाऊजी. आमच्याकडची खुर्ची मोकळी आहे." मी ह्यांना अक्षरशः ढकललं.

मोकळी खुर्ची म्हणजे डोळे तपासायची. पुढे हनुवटी टेकवायचं यंत्र. हे खुर्चीच्या कडेला टेकले, नजर समोरच्या अक्षरांवर. फळी झाल्यापासून त्या बाजूला ते पहिल्यांदाच आले होते. भावजींनी फोन मध्ये ठेवला. आम्ही दोघी दाराशी उभ्या.

"तुमच्यात काही खुणेची पद्धत आहे का?" मुलीनं विचारलं.

"नाही," हे म्हणाले.

"आहे," भावजी म्हणाले.

मुलगी सावरून बसली. जाऊबाईंनी माझा दंड धरला.

"आम्ही फळीवर ठोकतो," भावजींनी सांगितलं. "एकदा म्हणजे घाईचं काम. दोनदा म्हणजे गिऱ्हाईक कटकटं. पत्त्यांचा संबंध नाही. पण तुम्ही पद्धत आहे का विचारलंत, तर आहे."

"बघा," हे फोनकडे तोंड करून म्हणाले, "असा आहे हा. असल्या माणसाबरोबर कोण लबाडी करणार? पहिल्याच प्रश्नाला आपल्याला फासावर देईल."

"मग तुम्ही यांच्याविरुद्ध सत्ती-दुर्रीवर सगळ्या चिप्स का लावता?"

"माझ्या चिप्स आहेत, मी कशावरही लावीन."

"तो असाच आहे," भावजी म्हणाले. "लहानपणापासून. हातात काही नसताना अंगावर येतो."

"आणि तू? हातात सगळं असताना ऐकून घेतोस का कुणाचं?"

"काय ऐकायचं? साधी काच घातलीस आणि भारी काचेचे पैसे लावलेस."

"पेटीवर शिक्का होता भारी काचेचा. त्या मालवाल्यानं आत साधी भरली होती. ती पेटी मी तुला दाखवायला घेऊन आलो होतो. तू पाठ फिरवलीस. गिऱ्हाइकासमोर. हिच्यासमोर."

मग जे सुरू झालं ते मी सगळं लिहीत नाही. वर्षानुवर्षांची उणीदुणी होती. वडिलांच्या आजारपणात कोण रात्रभर जागलं, शाळेत कुणी कुणाची वही फाडली, फळीला पैसे कुणी दिले. ती मुलगी एकदा "सर" म्हणाली, दुसऱ्यांदाही म्हणाली, मग पाणी प्यायली आणि नुसतं बघत बसली. शेवटी तिनंच सांगितलं, की मला पुरेशी माहिती मिळाली आहे, आणि पडदा काळा झाला.

दोघांना पडदा गेलेला कळायलाही वेळ लागला.

"कोणता मालवाला?" भावजींनी विचारलं. प्रश्न फोनला होता, पण फोन बंद होता.

ह्यांनी नाव सांगितलं.

भावजी बराच वेळ यंत्राची काच पुसत राहिले. "मी त्याच्याकडून वाचायचे तयार चष्मे घ्यायचो," ते म्हणाले. "फळी झाल्याच्या पुढच्या वर्षी बंद केलं. मलाही त्यानं असंच फसवलं."

"मग तेव्हा तरी सांगायचं होतंस."

"कुणाला? फळीला?"

माफी वगैरे भावजींच्या घशातून निघणं शक्य नव्हतं. त्यांनी वेगळंच केलं. ह्यांच्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "डोळे बारीक करून बघतोयस मघापासून. नंबर वाढलाय. हनुवटी टेकव." दुसऱ्यांचे चष्मे बनवणाऱ्या माझ्या नवऱ्यानं फळी झाल्यापासून स्वतःचे डोळे तपासलेच नव्हते. तपासणार कुणाकडे? त्यांनी मुकाट्यानं हनुवटी टेकवली. जाऊबाईंचे डोळे भरून आले, माझे तर आधीच आले होते. आम्ही दोघी फुटपाथवर निघून गेलो. फार आनंद झाला की आमच्यात बाहेर जायची पद्धत आहे.

दोन दिवसांनी निकाल आला. 'दोन्ही खेळाडूंमध्ये खरे व दीर्घकालीन वैर असल्याची आमची खात्री पटली आहे. सबब संगनमताचा संशय मागे घेण्यात येत आहे.' भावजींनी ते ह्यांना वाचून दाखवलं, दोघं एकाच बाकावर बसून एकमेकांच्या वाक्यात वाक्य मिसळून हसत होते. मुख्याध्यापिकेनं जाहीर दिलगिरी लिहिली. तराजू परत आला. जाऊबाईंनी सांगितलं, भावजी पुन्हा ताठ बसून जेवले.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण माणसं गोडीत आली की त्यांना अक्कल राहत नाही.

एका दुपारी मी ह्यांच्या खांद्यावरून बघत होते. एव्हाना मलाही खेळ कळायला लागला होता. ह्यांच्या हातात दोन एक्के. याहून चांगले पत्ते त्या खेळात नसतात. भावजींनी चिप्स लावल्या. ह्यांनी एक्के टाकून दिले.

"अहो," मी म्हटलं, "दोन एक्के होते."

"दादाकडे चिप्स कमी उरल्यात."

"मग? त्यासाठीच तर खेळतात ना?"

"अगं, असू दे. आत्ताच कुठे बोलायला लागलाय."

फळीपलीकडे वेगळं काही नव्हतं. जाऊबाईंनी सांगितलं, भावजी ह्यांचं नाव टेबलावर दिसलं की पत्ते उचलून बघतात आणि उसासा टाकून ठेवून देतात. दोघं एकमेकांना एका शब्दानं काही सांगत नव्हते. गरजच नव्हती. परक्यांशी दोघंही वाघासारखे खेळायचे आणि एकमेकांपुढे लग्नघरातल्या पाहुण्यांसारखे, आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही. ह्यांचा खेळ तर इतका सुधारला होता, की दोघं वरचेवर शेवटच्या टेबलापर्यंत पोचायला लागले. दातांचा डॉक्टर मात्र रोज मधल्यामध्ये चिरडला जात होता.

मी ह्यांना बजावलं. "हेच ते संगनमत. आधी म्हणत होते ते हेच."

"आम्ही काही ठरवलंय का?" हे म्हणाले. "ठरवल्याशिवाय कसलं संगनमत?"

कंपनीचं मत वेगळं पडलं. खाती पुन्हा गोठली. भावजींचा तराजू पुन्हा गेला, आणि या वेळी मुख्याध्यापिकेनं खिडकीत काहीच लिहिलं नाही. तेच त्यांना जास्त लागलं.

चौकशीला तीच मुलगी होती. आता दोघं आपणहून एका बाकावर बसले. तिनं ते बघितलं आणि तिचा चेहरा पडला. मला वाटतं, मागच्या वेळचं भांडण तिला मनापासून आवडलं होतं.

"सर," ती म्हणाली, "आधी एक स्पष्ट करते. फोनवर खेळताना बोट चुकीच्या जागी पडू शकतं. तसं अनवधानानं झालं असेल, तर आम्ही फक्त ताकीद देतो. खातं चालू राहतं, पंचपदही राहतं. पण जाणूनबुजून एकमेकांना सोडलं असेल, तर ती लबाडी धरली जाते. मग यादीत नाव जातं. ते परत निघत नाही."

इतकं फोडून कुणी कुणाला सांगत नाही. दार सताड उघडून दिलं होतं तिनं, नुसतं बाहेर पडायचं होतं.

"बोट घसरलं," हे ताबडतोब म्हणाले. "माझी बोटं जाड आहेत. काच घासून घासून."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

तिनं ते टिपून घेतलं. मग भावजींकडे वळली. "सर, परवाचा डाव. तुमच्याकडे दोन राण्या होत्या. समोर फक्त तुमचे भाऊ उरले होते आणि त्यांनी सगळ्या चिप्स लावल्या होत्या. तुम्ही पत्ते टाकलेत. बोट घसरलं का?"

जाऊबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. हो म्हणा, हो म्हणा, असं त्या बिनआवाजाचं म्हणत होत्या. ह्यांनी बाकाखालून भावजींच्या पायावर पाय दिला, मी बघितलं.

"नाही," भावजी म्हणाले.

"सर, नीट आठवून सांगा."

"आठवतंय मला. मी मुद्दाम टाकले. खेळलो असतो तर तो बाहेर गेला असता. मला त्याला बाहेर काढायचं नव्हतं."

"का पण?"

"माझा भाऊ आहे. इतकी वर्षं बाहेरच काढून ठेवला होता."

मुलीनं पेन खाली ठेवलं. "सर, तुम्ही हे कबूल केलंत तर मला तुमचं नाव यादीत टाकावं लागेल. लबाडी म्हणून."

"टाका," भावजी म्हणाले. "त्यानं काही सांगितलं नव्हतं मला. त्याची बोटं खरंच जाड आहेत. माझं टाका."

"दादा, गप्प बस," हे म्हणाले. आणि मग फोनकडे बघून म्हणाले, "माझंही मुद्दामच होतं. माझंही टाका."

तिनं दोन्ही नावं टाकली. दुसरं काय करणार ती?

त्या रात्री जाऊबाई भावजींना भरपूर बोलल्या आणि मी ह्यांना. एवढी वर्षं भांडत होते तोवर दोघं निर्दोष होते, कंपनीनं तसं लिहून दिलं होतं. भाऊ झाले आणि गुन्हेगार ठरले. याच्यात कुणाचा दोष आहे ते मला अजून सांगता येत नाही, आणि राग मात्र सगळ्यांचा येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. स्पर्धेची वेळ झाली. भावजींनी सवयीनं फोन उचलला. पडद्यावर यादी उघडली. तिच्यात 'लांबचा नंबर', पुढे तराजू नाही, लाल अक्षरांत 'लबाडी'. खाली गोदामाच्या पहारेकऱ्यानं एक ओळ लिहिली होती, की वाटलं नव्हतं. भावजींनी ती ओळ वाचली आणि फोन उपडा ठेवून दिला. त्यांचा चेहरा मला बघवेना.

हे त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "वाईट वाटतंय?"

"हो," भावजी म्हणाले. "फार वाटतंय. चांगली माणसं होती."

"मग बोट घसरलं म्हणायला काय झालं होतं? तिनं ताटात वाढून दिलं होतं. तू एवढं म्हटलं असतंस तर सगळं राहिलं असतं."

"राहिलं असतं," भावजी म्हणाले. "पण तू शेजारी बसला होतास. मी तसं म्हटलं असतं, तर तुला सोडलं ते चुकूनच, असं तुलाही वाटलं असतं."

तेवढ्यात गिऱ्हाईक दारात आलं आणि दोघंही उठले.